तुंबलेल्या मोरीचा इतिहास

दिवाळीच्या अंकात मोरीवर लेख! फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेले वाचक नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. पण वाचकहो, जरा आठवून पाहा. वर्षातून ज्या एका पहाटे घरातली झाडून सारी माणसे एकामागून एक तेल-उटणे लावून न्हातात, ती पहाट नरकचतुर्दशीची. आणि तिसरा-चौथा माणूस पाटावरून उठेपर्यंत न्हाणीघरात घोट्याएवढे पाणी साचते, तेही त्याच पहाटे. तेल, उटण्याचा चोथा, साबण आणि केस यांचा गोळा होऊन तो जाळीखाली घट्ट बसतो. पायाखाली कारीट चिरडून आपण नरकासुराला मारतो, पण मोरीतला नरक तसाच राहतो. मग घरातून एकच हाक उठते, "अरे, कुणाला तरी बोलवा!"

हा 'कुणीतरी' कोण? माझ्या मते आपल्या समाजाचा निम्मा इतिहास या एका शब्दात दडलेला आहे. मी शाळामास्तर. मुलांना राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावतो; पण राजवाड्यातले सांडपाणी कोण काढीत होते, हा प्रश्न परीक्षेत कधीच येत नाही.

मोहेंजोदडोचा धडा मात्र येतो. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन सुरू केले आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शहर वर आले. त्या शहरात घरोघरी विटांच्या न्हाण्या आणि गल्लीगल्लीतून विटांची झाकलेली गटारे होती. मला कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्या गटारांवरची झाकणे उचलता येत, आणि गाळ खाली बसावा म्हणून मधूनमधून खड्डे ठेवलेले होते. म्हणजे गटार कधीतरी तुंबणारच, हे बांधणाऱ्याने आधीच ओळखले होते. तुंबणे हा घराण्याला लागलेला कलंक नव्हे; तो पाण्याचा आणि गाळाचा स्वभावधर्म आहे.

पुढची मोठी युक्ती निघाली ती लंडनमध्ये. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली आपल्या संडासाचे पेटंट घेतले. त्यात खालच्या नळीला त्याने नागमोडी वाक दिला होता. त्या वाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि तेच पाणी गटारातली दुर्गंधी घरात येऊ देत नाही. बस, एवढीच युक्ती! तुमच्या-आमच्या संडासात, बेसिनखाली, मोरीच्या जाळीखाली आज जो 'ट्रॅप' असतो, तो याच कल्पनेचा वंशज. पूर्वी परसदारी, घरापासून लांब असलेला संडास घरात येऊ शकला, तो या ओंजळभर पाण्याच्या जिवावर.

पण जो वाक वास अडवतो, तोच कचराही अडवतो. म्हणून घरातली मोरी तुंबली की अडथळा बहुधा त्या वाकातच, आपल्या हातभर अंतरावर असतो. हात पोहोचत होता. पोहोचत नव्हते ते मन.

आता मुंबईत या. १८६० साली विहारच्या तलावाचे पाणी शहरात आले. पाणी आले, तरी टोपलीचे संडास पुढे कित्येक दशके राहिले. दोन इमारतींच्या पाठी एक अरुंद घरगल्ली असे. घरातल्या कुणाला दिसू नये अशा त्या वाटेने माणूस यायचा आणि मैला उचलून न्यायचा. १८८८च्या महापालिका कायद्यात या कामासाठी एक करच होता आणि त्याचे नाव 'हलालखोर कर'. हलालखोर म्हणजे कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा! केवढे मानाचे नाव! नाव मानाचे दिले, कर नेमाने भरला; पण त्या माणसाला दारात उभे करायची कुणाची तयारी नव्हती. मुंबई राज्याने १९४९ साली बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्याची चाल बंद व्हावी, असे तिने १९५२ साली सांगितले. देशात त्याबद्दल कायदा झाला तो १९९३ साली, आणि अधिक कडक कायदा २०१३ साली.

या इतिहासात काही माणसांनी आपणहून हातात झाडू घेतला. १९०१च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये संडासांची दुर्दशा पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांना ते दाखवले. 'हे आमचे काम नव्हे' असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी झाडू मागून घेतला. आपल्या कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन तर याहून पुढे गेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास-सफाईचे काम स्वतःसाठी मागितले. सरकारने ते नाकारले, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचे! अप्पांनी अन्नत्याग आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण धरले. तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीवरून कामे वाटणारी कलमे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधे ब्याण्णव वर्षे गेली. मोरी तुंबते ती तासाभरात मोकळी होते. मन तुंबले की एवढा वेळ लागतो.

म्हणून म्हणतो, घरची मोरी घरच्यांनी काढावी. त्याला शौर्य लागत नाही, रीत लागते. हातमोजे घाला, जाळी उचला, आतली वाटी निघत असेल तर काढा आणि गोळा हाताने बाहेर घ्या. तो पाण्याने पुढे ढकलू नका. ओट्याच्या बेसिनखाली बादली ठेवून ट्रॅपचे खालचे झाकण फिरवा. भाताची शिते आणि तुपाचा थर तिथेच सापडेल. संडासाला लाकडी दांडीचा रबरी दट्ट्या वापरा. रबर पाण्याखाली पूर्ण बुडाले पाहिजे, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. तुमचा जोर अडथळ्यापर्यंत पोहोचवते ते पाणीच. आणि नुसते ढकलू नका, ओढाही. बोळा सैल होतो तो या मागेपुढे होण्याने. एक मात्र कटाक्षाने पाळा: ॲसिड आणि ब्लीचिंग कधी एकत्र ओतू नका, विषारी वायू निघतो.

इतके करूनही पाणी हलले नाही, तर दोष घराबाहेरच्या वाहिनीत समजावा. तेथे आपली हद्द संपते. पण म्हणून दुसऱ्या कुणाला चेंबरात किंवा मैलाटाकीत उतरवायची हद्द सुरू होत नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारण्याआधी कोसळतो. तसे काम यंत्राने करून घ्यावे. यंत्र यायला दोन दिवस लागले, तर दोन दिवस थांबावे. गटारात मृत्यू आलेल्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख ठरवली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले.

माझ्या वर्गातली मुले फळ्यावर किल्ल्यांचे नकाशे काढतात. हल्ली मी त्यांना घरच्या नळीचा नागमोडी वाकही काढायला लावतो. घरातले पाणी कोठून जाते आणि ते अडले तर कोणी हात घालायचा, हे ज्याला दहाव्या वर्षी कळले, तो विसाव्या वर्षी 'कुणाला तरी बोलवा' असे म्हणणार नाही, एवढी आशा करायला हरकत नाही.