उधळ्या मुलाची सरकारी फेरी

एका बापाला दोन मुलगे असतात. धाकटा आपला वाटा मागून घेतो, परमुलखात सगळा पैसा उडवतो, डुकरे राखायची वेळ आल्यावर मुकाट घरी परततो. बायबलातला हा दृष्टांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या जिल्हा कचेऱ्यांत टपालाने येऊन पडला. धर्मप्रसाराचा त्यात काही संबंध नव्हता. आपल्या मुलखातल्या बोलींत तो उतरवून पाठवा, एवढीच मागणी होती.

मागणारे गृहस्थ जॉर्ज ग्रिअर्सन. हे आयरिश गृहस्थ १८७३ साली बंगालात मुलकी नोकरीला लागले आणि बिहारच्या बोलींच्या नादी लागले. या देशातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत झाला होता. १८९८ मध्ये ग्रिअर्सन त्या पाहणीचे प्रमुख झाले. मात्र मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद, म्हैसूर ही संस्थाने तिच्या बाहेरच राहिली.

हीच गोष्ट का? तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळही येतात. इथल्या लोकांना खटकू नये म्हणून मजकुरात किरकोळ बदलही केले होते. पण इंग्रजी आणि डोंगरातली एखादी बोली, दोन्ही जाणणारा माणूस आणायचा कुठून? त्यावर तोड म्हणून १८९७ मध्ये याच दृष्टांताच्या ६५ भाषांतरांचे पुस्तक छापले गेले. त्यातले ओळखीचे भाषांतर समोर ठेवून पुढचे करायचे.

उत्तरे गोळा करणारे भाषाशास्त्रज्ञ नव्हतेच. कलेक्टर, त्यांच्या हाताखालचे कर्मचारी, मिशनरी अशा लोकांनी हा डोलारा उचलला. त्यांची पहिली अडचण अगदी साधी होती: आपल्या बोलीला काही नाव असते, हेच गावातल्या माणसाला ठाऊक नसे.

भाषांतराचा धोका ग्रिअर्सन ओळखून होते. मूळ वाक्याची वळणे भाषांतरात घुसतात, म्हणून त्यांनी दुसरा नमुना मागितला, तोही स्थानिक माणसाचा स्वतःचा: कुठे लोककथा, कुठे गाणे, कुठे आरोपीचा जबाब. शिवाय शब्दांची आणि वाक्यांची एक ठरावीक यादी. आज चाळताना खरा जीव सापडतो तो या दुसऱ्या नमुन्यांत. उधळ्या मुलगा पानोपानी तोच तो भेटत राहतो.

या पाहणीचा सातवा, मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. तो नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी तयार केला. वऱ्हाडी, नागपुरी त्यात आहेतच, पण कोकणीही मराठीची बोली म्हणूनच आली. कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावरून पुढे गोव्यात बरीच रणे माजली. खानदेशीला मात्र मराठीच्या खंडात जागा नाही. ती नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी बसवली. शेवटचा भाग १९२८ मध्ये बाहेर पडला, तेव्हा १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली होती.

अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींची पाहणी हाती घेतली. संशोधक गावोगाव गेले, त्यांनी लोकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि काय घडले ते विचारले. भाषांतराला मूळ मजकूरच नव्हता. ऐकलेले तसेच ध्वनिमुद्रित झाले.