पातूर ते पूर्णा : पर्यावरणाच्या शिक्षणाची एक वाट

बालाघाट आणि पायनघाट असे वऱ्हाडचे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात. अकोल्याहून वाशीमकडे निघालें म्हणजे सुमारें तीस किलोमीटरांवर सपाट काळी जमीन संपते व अजिंठ्याच्या रांगांचा चढ लागतो. तेथें पातूर वसलें आहे. गांवाजवळच्या टेकडींत जुनीं लेणीं आहेत; प्रवासी तीं पाहून पुढें जातो. परंतु ज्या खडकांत तीं कोरलीं, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. अशाच खडकाच्या झिजेंतून कपाशीची काळी माती निपजली. आणि याच डोंगराळ भागांतून येणारी मोर्णा पातूर तालुक्यांतलें धरण भरून, अकोला शहर ओलांडून, पूर्णेस मिळते. पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्यास याहून सोयीचें पुस्तक मिळणें कठीण. मात्र तें घरीं बसून वाचतां येत नाहीं.

महाराष्ट्रांतील कॉलेजच्या विद्येस डोंगर तुडविण्याची परंपरा नवी नव्हे. मालवण येथें १८८४ सालीं जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. सह्याद्रींत वनस्पतींच्या शोधार्थ हिंडत असतां त्यांना गोड्या पाण्यांत राहणारा एक जेलीफिश आढळला. अशा जातीचा प्राणी केवळ आफ्रिकेंत असतो, अशी तोंवर शास्त्रज्ञांची समजूत होती. १९१२ सालीं ही वार्ता ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेच्या कपाटांत हा शोध लागला नसता. याच आघारकरांनीं पुढें पुण्यास १९४६ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा वाहिली.

तथापि ही वाट फार दिवस थोड्यांचीच राहिली. वनस्पतिशास्त्राचे वा भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी रानांत जात. वाङ्मयाच्या आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना नदी ठाऊक होती ती पुलावरून. हा भेद मोडण्यास न्यायालय कारण झालें. वकील महेशचंद्र मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २२ नोव्हेंबर १९९१ रोजीं पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी मंदावली, तेव्हां डिसेंबर २००३ मध्यें न्यायालयास तो पुन्हां बजावावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या सर्व शाखांसाठीं जो अभ्यासक्रम आखला, त्यांत पन्नास तासांपैकीं पांच तास प्रत्यक्ष पाहणीचे होते, आणि शंभर गुणांपैकीं पंचवीस गुण त्या पाहणीस दिले होते.

दशांश वेळ आणि चतुर्थांश गुण! या विषम वांटणींत मोठी संधि आहे आणि मोठा मोहही. पंचवीस गुणांची वही नदीवर न जातां भरतां येते. मग न्यायालयानें जें मिळवून दिलें, तें वर्गाच्या चार भिंतींत परत हरवतें.

पातूरहून निघालेल्या विद्यार्थ्यांच्या तुकडीस मात्र एका दिवसांत पुष्कळ शिकतां येईल. सकाळीं लेण्यांचा खडक आणि घाटांतलें सागाचें रान पाहावें. मोर्णेच्या धरणावर जाऊन, हें पाणी कोणाच्या शेतास आणि कोणाच्या घरीं जातें, तें विचारावें. पुढें अकोल्यांत त्याच नदीचा कांठ चालावा. दिवस मावळण्यापूर्वीं पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत एखाद्या विहिरीच्या पाण्याचा थेंब जिभेवर घ्यावा. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यांत नदीच्या गाळाच्या जाड थरांत क्षार सांठले आहेत; माती चिकण, निचरा मंद. त्या पाण्यानें तहान भागत नाहीं, आणि पीक भिजविलें तर जमीन बिघडते. पिण्याचें पाणी दुरून नळानें आणावें लागतें. डोंगराजवळच्या धरणाचें मोल खालच्या खाऱ्या विहिरीपाशीं कळतें.

या रीतीची बीजें वऱ्हाडांत आहेतच. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. कृषि पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थी गांवोगांवीं जाऊन शेतकऱ्यांच्या सहवासांत कार्यानुभव घेतात. १३ जानेवारी २०१८ रोजीं जलपर्णीनें गुदमरलेली मोर्णा साफ करण्यास अकोल्याचे हजारों नागरिक नदींत उतरले. त्यांत कॉलेजांचे विद्यार्थीही होते. नदी घाण कशानें होते, हा धडा त्या दिवशीं हातांनीं गिरवला गेला. परंतु एका दिवसाच्या उत्साहानें नदी कायमची निर्मळ होत नाहीं. त्यासाठीं दरवर्षीं तिच्याकडे पाहणारे डोळे लागतात.

वर्गांत लिहिलेल्या वहीस आणि कांठावर लिहिलेल्या वहीस कदाचित् सारखेच गुण मिळतील. पण तींच मुलें-मुली उद्यां नगरपालिकेंत, कचेरींत किंवा स्वतःच्या शेतावर पाण्याचा निर्णय करावयास बसतील. त्या वेळीं पातूरचा घाट आणि पूर्णेची विहीर हीं एकाच पाण्याचीं दोन टोकें आहेत, हें ज्यांनीं चालून पाहिलें असेल, त्यांचाच निर्णय खालच्या गांवास न्याय देईल.