भरवशाचं पिस्तूल

सप्टेंबर 1987. अमेरिकी नौदलाच्या सील पथकातला एक जवान सरावात बेरेटाचं पिस्तूल झाडत होता. त्याने चाप ओढला, गोळी गेली आणि पिस्तुलाच्या वरच्या भागाचा मागचा तुकडा सुटून सरळ त्याच्या तोंडावर आला. 1988 च्या सुरुवातीला त्याच पथकातल्या आणखी दोघांच्या बाबतीत हेच झालं. जीव कुणाचा गेला नाही, जखमांवर निभावलं.

गंमत अशी की हे काही कुठल्या गल्लीत बनवलेलं पिस्तूल नव्हतं. अडीच वर्षांपूर्वीच अमेरिकी सैन्याने जगभरच्या नामांकित कंपन्यांची पिस्तुलं चिखलात बुडवून, वाळूत घोळवून, खाली आपटून त्यांतून हे निवडलं होतं. मग चुकलं कोण? पिस्तूल, परीक्षा की परीक्षक?

आधी थोडं यंत्राबद्दल. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात नळीच्या वर एक पोलादी खोळ असते, तिला स्लाइड म्हणतात. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंगने पुढे येते आणि येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे प्रत्येक गोळीला अर्धा किलोच्या आत-बाहेरचं पोलाद मागे जाऊन थांबतं, पुढे येऊन थांबतं. रिव्हॉल्व्हरमध्ये यातलं काहीच नसतं. म्हणूनच सेमी-ऑटोमॅटिक आल्यापासून एक प्रश्न त्याला चिकटलेला आहे: ऐन वेळी अडकणार तर नाही ना?

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर 1911 च्या मार्च महिन्यातलं. अमेरिकी सैन्याला नवं .45 पिस्तूल हवं होतं आणि मैदानात शेवटी दोघेच उरले होते. एक जॉन ब्राउनिंगने आखलेलं कोल्ट, दुसरं सॅव्हेज. प्रत्येकातून 6000 गोळ्या झाडायच्या होत्या. मधेमधे पिस्तूल थंड होऊ द्यायचं आणि ठरलेल्या टप्प्यावर साफसफाई, तेलपाणी करायचं. सॅव्हेज 37 वेळा अडलं किंवा मोडलं. कोल्ट एकदाही नाही. 29 मार्चला कोल्टवर शिक्कामोर्तब झालं आणि एम-1911 हे नाव पुढची 70-75 वर्षं भरवशाचं दुसरं नाव बनून राहिलं.

आता या 6000 गोळ्यांकडे जरा गणिताच्या नजरेने बघा. संख्याशास्त्रात एक साधा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट अमुक वेळा करून एकदाही फसली नसेल, तर तीनला त्या आकड्याने भागायचं. 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फसण्याचं प्रमाण या उत्तरापेक्षा कमी आहे. 6000 गोळ्या विनातक्रार गेल्या म्हणजे बिघाड 2000 गोळ्यांत एकापेक्षा कमी. हे उत्तम आहे. पण कुणी छाती ठोकून सांगितलं की ‘मी माझ्या पिस्तुलातून 300 गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही’, तर त्यातून सिद्ध काय होतं? बिघाड शंभरात एकापेक्षा कमी असावा, बस. मॅगझिनमध्ये 15 गोळ्या असतील तर सात मॅगझिनमागे एकदा अडकणारं पिस्तूलही 300 गोळ्यांची ही परीक्षा कधीमधी पास होऊन जाईल.

कमरेला लावायच्या पिस्तुलाची खरी अडचण हीच आहे. ते वर्षानुवर्षं वागवलं जातं आणि झाडलं जातं क्वचितच. ज्याच्याकडे ते असतं, त्याच्या अनुभवातून त्याच्या भरवशाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. मग माणूस नावावर जातो. अमुक कंपनीचं आहे ना, मग चांगलंच असणार.

आणि नाव म्हटलं तर बेरेटाएवढं जुनं नाव या धंद्यात दुसरं नाही. उत्तर इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल ट्रोम्पिया गावातलं हे घराणं. 1526 मध्ये त्यांनी व्हेनिसच्या शस्त्रागाराला 185 नळ्या विकल्याची आणि त्याचे 296 डुकाट मिळाल्याची नोंद आहे. आपल्याकडे पानिपतची पहिली लढाई झाली तेच हे वर्ष.

मराठी वाचकाने मात्र बेरेटा हे नाव ऐकलेलं असतं ते बहुधा एकाच संदर्भात. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींवर झाडल्या गेलेल्या तीन गोळ्या बेरेटाच्या 1934 च्या मॉडेलमधून सुटल्या होत्या. इटालियन सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी कमरेला लावायचं हे छोटं, साधं पिस्तूल. खटल्यातल्या साक्षींमध्ये एक तपशील आहे जो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. 20 जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नाआधी कटवाल्यांनी जवळची रिव्हॉल्व्हरं दिल्लीत झाडून पाहिली होती आणि ती धड चालली नव्हती. त्यानंतर भरवशाच्या शस्त्राची शोधाशोध झाली आणि ती ग्वाल्हेरला संपली. पिस्तूल भरवशाचं आहे म्हणजे नेमकं कुणासाठी, हा प्रश्न चाचणीच्या कुठल्याच कागदावर नसतो.

तर आता पुन्हा अमेरिका. 1978 मध्ये तिथल्या संसदेच्या एका समितीच्या लक्षात आलं की सैन्यदलांकडे मिळून 25 प्रकारच्या हँडगन आहेत आणि त्यांना लागणारी काडतुसं शंभराहून जास्त प्रकारची. हुकूम निघाला, एकच काय ते ठरवा. हवाई दलाने फ्लोरिडात चाचण्या घेतल्या, बेरेटा पहिली आली. थलसेना म्हणाली, तुमची पद्धत बरोबर नाही. थलसेनेने स्वतःच्या चाचण्या घेतल्या, त्यात सगळेच नापास झाले आणि 1982 मध्ये ती स्पर्धाच रद्द झाली. 1984 मध्ये पुन्हा नव्याने सुरुवात.

तुलनेसाठी सोबत जुनी एम-1911 पिस्तुलं ठेवली होती आणि त्यांची कामगिरी अगदीच सुमार निघाली. यात आश्चर्य काही नाही. सैन्याने 1945 नंतर हे पिस्तूल नव्याने घेतलंच नव्हतं. 6000 गोळ्यांचा पराक्रम 1911 च्या एका कोऱ्या नमुन्याचा होता. चाळीस वर्षं दुरुस्त करत वापरलेल्या खिळखिळ्या पिस्तुलाला तो लागू करायचं काही कारण नव्हतं. लोक मात्र करत होते, आजही करतात.

1984 च्या फेरीच्या शेवटी दोघेच उत्तीर्ण ठरले, बेरेटा आणि सिग-सावर. मग आली किंमत, आणि इथे खरी मजा आहे. सिगचं एक पिस्तूल 176.33 डॉलरला, बेरेटाचं 178.50 डॉलरला. म्हणजे सिग स्वस्त. तरी करार मिळाला बेरेटाला, कारण सैन्याने मॅगझिन आणि सुटे भाग धरून पूर्ण मागणीची बेरीज केली आणि त्या बेरजेत बेरेटा खाली आली. प्रिंटर स्वस्तात घेऊन पुढे शाईवर पैसे घालवलेल्या कुणालाही हे समजवायची गरज नाही. जानेवारी 1985 मध्ये निकाल लागला. तीन लाखांहून जास्त पिस्तुलं, साधारण साडेसात कोटी डॉलर. नाव पडलं एम-9. अमेरिकी सैनिकाच्या कमरेला इटालियन पिस्तूल लागणार म्हणून बराच गहजब झाला. इटलीने सिसिलीत अमेरिकी क्षेपणास्त्रं ठेवू दिली त्याची ही परतफेड, अशीही कुजबुज झाली.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीला तांत्रिक चाचणीतच बाद केलं होतं. कंपनीने आरडाओरडा केला, कोर्टात गेली, हरली. पण 1986 मध्ये जीएओने, म्हणजे आपल्या कॅगसारख्या तिथल्या यंत्रणेने, कागद तपासले. फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर किती जोराने आदळते याचं माप ठरलेलं होतं, आणि त्यात स्मिथ अँड वेसन नापास. जीएओला दिसलं की मापाचं एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करताना अपूर्णांक गोल केला गेला होता आणि त्या गोल करण्यातच कंपनी रेषेच्या पलीकडे गेली होती. पिस्तुलात दोष नव्हता, दोष आकडेमोडीत होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दशांश चिन्हापुढचे आकडे खाल्ले म्हणून मार्क गेलेल्यांना इथे थोडं बरं वाटेल.

आणि मग सप्टेंबर 1987.

स्लाइड तुटायला लागल्यावर दोन्ही बाजूंनी आपापली कारणं मांडली. कंपनीचं म्हणणं, सैन्याच्या काडतुसांचा दाब ठरल्यापेक्षा जास्त आहे, दोष दारूगोळ्याचा. सैन्याच्या धातुतज्ज्ञांचं म्हणणं, इटलीत बनलेल्या स्लाइडच्या पोलादात टेल्युरियम आहे. पोलाद कापायला सोपं जावं म्हणून हे मूलद्रव्य मिसळतात, पण त्याने पोलादाची चिवटता कमी होऊ शकते. प्रयोगशाळेत मुद्दाम तुटेपर्यंत झाडलेल्या पिस्तुलांपैकी काहींच्या स्लाइड 20,000 गोळ्यांच्याही पुढे टिकल्या. करारातली अट होती सरासरी 5000 गोळ्यांच्या आयुष्याची. म्हणजे सरासरीच्या हिशोबाने पिस्तूल चांगल्या मार्कांनी पास होतं.

पण सरासरी तोंडावर आदळत नाही, एक विशिष्ट स्लाइड आदळते. आणि सीलचे जवान काही सरासरी ग्राहक नव्हते. सामान्य सैनिक वर्षाकाठी जेवढ्या गोळ्या झाडतो, तेवढ्या ते सरावाच्या एखाद्या सत्रात संपवत. करार लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता, तो हा नव्हताच. सैन्याने आधी फर्मान काढलं की 3000 गोळ्यांनंतर स्लाइड बदला, मग मर्यादा 1000 वर आणली. विचार करा, 5000 ची हमी घेऊन विकत घेतलेली वस्तू 1000 वर बदला, असं ग्राहकच स्वतःला बजावत होता.

दुरुस्ती मात्र झकास झाली, आणि तिचं कौतुक करायलाच हवं. पोलादाचा प्रश्न स्लाइडचं उत्पादन अमेरिकेतल्या मेरिलँडच्या कारखान्यात नेऊन सोडवला. पण त्याबरोबर हॅमरच्या पिनचं डोकं मोठं केलं आणि स्लाइडमध्ये त्यासाठी खाच पाडली. म्हणजे स्लाइड पुन्हा तुटलीच, तरी मागचा तुकडा त्या डोक्यात अडकेल, माणसापर्यंत पोचणार नाही. तुटणारच नाही अशी बढाई कुणी मारली नाही. 1989 मध्ये सैन्याने पुन्हा स्पर्धा घेतली आणि पुन्हा बेरेटाच जिंकली. सील पथक मात्र तोवर सिगकडे गेलं होतं, 1985 मध्ये बेरजेत हरलेल्या त्याच पी-226 कडे.

पुढची बदनामी आली इराकमध्ये. 2003 नंतर सैनिक तक्रार करू लागले की एम-9 वाळूत अडकतं. शिव्या बेरेटाला बसल्या. दोष होता मॅगझिनचा, आणि ती बेरेटाची नव्हतीच. सैन्याने ती वेगळ्या टेंडरने दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतली होती. गंज लागू नये म्हणून त्यांच्यावर खरखरीत फॉस्फेटचा थर द्यायला सैन्यानेच सांगितलं होतं, आणि त्या खरखरीत थरात इराकची पिठासारखी बारीक धूळ रुतून बसे. स्प्रिंग काडतुसं वर ढकलेना. गुळगुळीत थराची मॅगझिन आल्यावर तक्रारी ओसरल्या. पण 1985 मध्ये ज्या मॅगझिनच्या हिशोबावर बेरेटा जिंकली, त्याच मॅगझिनवरून तिचं नाव वीस वर्षांनी खराब व्हावं, हा योगायोग मोठा चावरा आहे. सैनिकाच्या हातात जे अडकतं त्यावर बेरेटा असं कोरलेलं असतं. टेंडर कुणाचं, हे कोरलेलं नसतं.

जानेवारी 2017 मध्ये एम-9 चा वारस ठरला. यावेळी सिग जिंकली, पी-320 या मॉडेलवर. हरलेल्या ग्लॉकने जीएओकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. त्या निकालातून बाहेर आलेले आकडे असे: सिगची पूर्ण बोली 16 कोटी 95 लाख डॉलर, ग्लॉकची 27 कोटी 22 लाख. पुन्हा तीच बेरीज, फक्त यावेळी ती सिगच्या बाजूने.

त्याच वर्षी सैन्याच्या चाचणीत दिसलं की हे नवं पिस्तूल एका ठरावीक कोनात खाली पडलं तर चाप न ओढताही सुटू शकतं. वजनदार चापाला पडण्याच्या धक्क्याने स्वतःचीच गती मिळत होती. सैन्यासाठी चाप हलका केला गेला. नागरिकांसाठी विकलेल्या पिस्तुलांवर तीच सुधारणा कंपनीने 8 ऑगस्ट 2017 ला जाहीर केली. तोपर्यंत ते मॉडेल तीन वर्षं बाजारात होतं, आणि ज्यांच्या कमरेला होतं त्यांच्यापैकी बहुतेकांचं ते कधीच अडकलं नव्हतं.