ज्येष्ठमध आणि स्टेरॉइड औषधे (पारंपरिक चिनी वैद्यक)

ज्येष्ठमधाचे मूळ असलेले चिनी काढे आणि कॉर्टिकोस्टेरॉइड औषधे एकत्र घेतल्यास शरीरात होणारी परस्परक्रिया. चिनी वनौषधी व स्टेरॉइडे यांच्या संबंधातले हे बहुधा सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण. चिनी औषधकोशाला ग्लिसिऱ्हायझा प्रजातीतील युरालेन्सिस, इन्फ्लाटा व ग्लाब्रा या तीन जाती मान्य आहेत. ग्लाब्रा ही आयुर्वेदातली यष्टिमधू. झांग झोंगजिंग याच्या ‘शांग हान लुन’ या प्राचीन ग्रंथातील निम्म्याहून अधिक योगांत ज्येष्ठमध आढळते. इतर घटकांचा उग्रपणा कमी करून योग एकजीव करणे, हे त्याचे काम. साहजिकच रुग्णाला आपण ज्येष्ठमध घेतो आहोत याची अनेकदा कल्पनाही नसते.

मुळातील ग्लिसिऱ्हायझिनचे आतड्यातील जीवाणू ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल बनवतात. मूत्रपिंडात कॉर्टिझॉलचे निष्क्रिय कॉर्टिझोनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराला (एंझाइमला) हे आम्ल रोखते. मग निष्क्रिय न झालेले कॉर्टिझॉल अल्डोस्टेरोनच्या ग्राहींवर जाऊन बसते: शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, रक्तदाब चढतो, पाय सुजतात. रक्तातले अल्डोस्टेरोन मात्र कमीच भरते, म्हणून या अवस्थेला आभासी अल्डोस्टेरोनाधिक्य म्हणतात. पोटॅशियम फार घसरल्यास स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोके बिघडतात. रुग्ण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेत असेल तर धोका आणखी वाढतो.

प्रेडनिसोलोन हे औषधही याच विकराच्या हातून निष्क्रिय होते. त्यामुळे ग्लिसिऱ्हायझिनसोबत ते रक्तात जास्त वेळ टिकते; डोस तोच राहतो, परिणाम वाढतो. डेक्सामेथासोनला हा नियम फारसा लागू पडत नाही, कारण हे विकर त्याला सहजी निष्क्रिय करू शकत नाही. ‘स्टेरॉइड’ या एका नावाखाली सगळी औषधे मोजण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

योगाच्या नावावरूनही अंदाज बांधता येत नाही. चिनी परंपरेतून जपानच्या कांपो वैद्यकात रुळलेल्या तीन काढ्यांची प्रेडनिसोलोनसोबत चाचणी झाली. तिन्हींत ज्येष्ठमध होते. साइबोकुतोने रक्तातील प्रेडनिसोलोन वाढले, शोसाइकोतोने ते कमी झाले, तर साइरेइतोने फरक पडला नाही. साइबोकुतोमध्ये मॅग्नोलिया सालीची भर असते आणि तिच्यातील मॅग्नोलॉल या घटकाचाही त्या विकरावर परिणाम होत असावा, असे स्पष्टीकरण पुढे आले. म्हणजे वनस्पती एकेकटी तपासून संपूर्ण काढ्याचा हिशोब लागत नाही.

मात्रेबाबत, दिवसाला 100 मिलिग्रॅमपर्यंत ग्लिसिऱ्हायझिन बहुतेक प्रौढांना बाधत नाही, असे अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने 2005 मध्ये म्हटले. खोकल्यासाठी तोंडात धरलेला ज्येष्ठमधाचा एखादा तुकडा आणि महिनाभर रोज घेतलेला काढा यांना एका मापाने मोजू नये. ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलेला अर्कही मिळतो. त्यात ही अडचण जवळपास राहत नाही.

चिनी वनौषधी व स्टेरॉइडे एकत्र येण्याचा दुसरा प्रकार वेगळाच आहे, त्याला परस्परक्रिया म्हणण्यापेक्षा भेसळ म्हणणे योग्य. लंडनमध्ये त्वचाविकारांसाठी दिल्या जाणाऱ्या 11 चिनी ‘वनौषधी’ मलमांचे पृथक्करण 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 8 मलमांत डेक्सामेथासोन सापडले, तेही नाव न छापता. अशा मलमाने इसब झटपट बरा होतो, त्यात नवल काय? चेहऱ्यावर ते दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते, आणि डॉक्टरने वेगळे स्टेरॉइड लिहून दिले तर नकळत दुहेरी मात्रा पडते. पोटात घेण्याच्या गोळ्यांत अशी भेसळ असल्यास धोका अधिक गंभीर: महिनोन्‌महिने स्टेरॉइड बाहेरून मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. मग रुग्णाने ‘गुण आला’ म्हणून औषध एकदम बंद केले, तर थकवा, उलट्या आणि रक्तदाब कोसळणे ही लक्षणे दिसतात. म्हणून संशय आल्यावरही त्या गोळ्या एकदम थांबवण्याऐवजी स्टेरॉइडची मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.