म्हैसूरची योगशाळा : ज्याचा धडा त्यास

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पंतोजींच्या ज्या शाळा होत्या, त्यांत इयत्ता नव्हत्या. एक मुलगा धूळपाटीवर अक्षर गिरवी, दुसरा पावकी-निमकी घोकी, तिसरा मोडीचा कित्ता काढी. ज्याचा धडा पक्का झाला त्यास पंतोजी पुढचा देत. ज्याचा कच्चा राहिला त्याने तोच पुन्हा गिरवावा. योगासने शिकविण्याची जी रीत आज जगभर ‘म्हैसूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते, ती थेट याच जातीची होय.

या रीतीचे मूळ तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८–१९८९) यांच्या अध्यापनात आहे. संस्कृत दर्शनांचे हे गाढे पंडित. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी १९३३ साली जगनमोहन राजवाड्याच्या एका भागात त्यांस योगशाळा काढून दिली. त्या काळी योगाचा शास्त्रीय अभ्यास करणारी एक संस्था आपल्या लोणावळ्यासही होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापिलेले कैवल्यधाम ते हेच. १९३४ साली कृष्णमाचार्य तेथे जाऊन आले, आणि त्याच वर्षी ‘योगमकरंद’ हा त्यांचा कन्नड ग्रंथ निघाला.

आचार्यांचे एक शिष्य के. पट्टाभि जोईस. हसन येथे १९२७ साली झालेली आसनांची प्रात्यक्षिके पाहून हा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्यापाशी शिकू लागला. पुढे १९३७ पासून म्हैसूरच्या संस्कृत महाविद्यालयात त्याने योग शिकविला आणि १९४८ साली लक्ष्मीपुरम् भागात स्वतःची शाळा काढली. तेथील खोलीत पुढे जेमतेम बारा माणसे मावत. पहाटे येऊन प्रत्येकाने सूर्यनमस्कारांपासून आरंभ करावा, आपल्याच श्वासाच्या मापाने ठरलेला क्रम चालवावा. सर्वांस मिळून एक हुकूम नाही. मरीच्यासनात हात पाठीमागे गुंफता येईनासे झाले की तेथेच थांबावयाचे व शेवटची आसने करून घरी जावयाचे. गाठ बसली, श्वास शांत राहिला, की गुरूने पुढचे आसन द्यावे. कोणास त्यासाठी आठवडा लागे, कोणास वर्ष. शनिवारी, पौर्णिमेस व अमावास्येस विश्रांती. क्रम सर्वांस एकच, परंतु गती ज्याची त्याची, हे या रीतीचे मर्म.

तथापि मोजमाप गुरूच्या हाती असले म्हणजे ते चुकण्याचाही संभव असतो. आचार्यांचे धाकटे मेहुणे बी. के. एस. अय्यंगार १९३४ साली म्हैसुरास आले, तेव्हा दुखण्यांनी खंगलेला तो एक कोवळा मुलगा होता. पाहुण्यांपुढे एकाएकी हनुमानासन करावयास लावल्याने मांडीचे स्नायू कसे दुखावले, ते त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. जोईसांच्या शाळेचा इतिहासही निर्दोष नाही. त्यांच्या अनुचित स्पर्शाविषयी अनेक शिष्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, उघडपणे सांगितले. अशा स्पर्शाने ज्यांस क्लेश झाले त्यांच्याविषयी त्यांचे नातू व उत्तराधिकारी शरत जोईस यांनी २०१९ साली जाहीर दुःख व्यक्त केले. आसन सुधारण्यासाठी पुढे केलेला हात शिष्याच्या विश्वासावर टेकलेला असतो. त्याची मर्यादा गुरूने ओलांडली की विद्येचा आधारच सुटतो.

अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले ते डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकविण्यासाठी, आणि जन्मभर पुण्याचेच झाले. गुरू म्हैसुरात, विचारावे कोणास? तेव्हा तासन् तास स्वतःच्या देहावर प्रयोग करून त्यांनी आसनांची बारीक समज मिळविली. ज्यांस एखादे आसन साधत नाही त्यांच्यासाठी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे व खुर्च्या यांचा आधार त्यांनी योजिला. एका गुरूने शिष्यास आसनापाशी थांबविले, तर दुसऱ्याने आसनच शिष्यापाशी आणून ठेविले.

इकडे महाराज १९४० साली निवर्तले, राजाश्रय ओसरला आणि १९५० साली म्हैसूरची योगशाळा बंद पडली. कृष्णमाचार्य मद्रासेस गेले. राजवाड्यात उड्या मारणाऱ्या मुलांस शिकविणाऱ्या या आचार्यांपुढे आता वृद्ध, रुग्ण आणि संसारी माणसे येऊ लागली. एका वेळी एकास जवळ बसवून, त्याचे वय, प्रकृती व व्यवसाय पाहून ते अभ्यास ठरवून देत. पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी १९७६ साली काढलेल्या कृष्णमाचार्य योग मंदिराने हीच दृष्टी पुढे चालविली.

एकाच गुरूपासून अशा तीन वाटा निघाल्या. त्यांची बाह्य रूपे भिन्न असली, तरी पुढचा धडा पंचांग पाहून नव्हे, तर शिष्याकडे पाहून द्यावयाचा, ही खूण तिन्हींत सापडते. पंतोजींच्या शाळा गेल्या, इयत्ता आल्या, घंटा आल्या. शरीराच्या शाळेत मात्र अजून घंटेने काम भागत नाही. तेथे शिकणाऱ्यास धीर हवा, आणि शिकविणाऱ्यास त्याहून अधिक.