आवाजाबरोबर नावही जपा

1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत. लेबलावर कुणाचे नाव घालायचे, हे तिथल्या कारागिरांना त्यावरून कळे. मुद्रित आवाजाला ओळख मुद्दाम जोडावी लागते, ती अशी पहिल्यापासून. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीत गाण्यांच्या वेळा नोंदलेल्या असत, नावे मात्र सोबतच्या पुस्तिकेत राहिली. पुढे सीडीडीबी ही माहितीपेढी त्या वेळांवरूनच सीडी ओळखून नावे पुरवू लागली. 1996 च्या आयडी3 टॅगने या नावांसाठी एमपी3 फाइलच्या शेवटीच 128 बाइट राखले. गाणे, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी 30 अक्षरे. मुखपृष्ठाच्या चित्राची सोय 1998 च्या आवृत्तीत झाली.

आता सीडी संगणकावर उतरवताना सॉफ्टवेअर ही नावे आपोआप भरते, मग हाताने कशाला, असे कुणी म्हणेल. पण सीडीडीबीसारख्या पेढ्यांतली बरीच माहिती श्रोत्यांनीच भरलेली असते. एकीकडे ‘पंडित भीमसेन जोशी’, दुसरीकडे नुसते ‘भीमसेन जोशी’ लिहिले, की संग्रहात एकाच गायकाचे दोन गायक होतात. राग आणि ताल शीर्षकात कसेबसे मावतात. तबला-हार्मोनियमच्या साथीदारांना तर जागाच उरत नाही. ती नावे पुस्तिकेत असतात आणि सीडीबरोबर रद्दीत जातात. म्हणून मुखपृष्ठाबरोबर मागची बाजू आणि पुस्तिकाही स्कॅन करा, साथीदारांची नावे टिप्पणीच्या रकान्यात लिहा, आणि मगच सीडी हातावेगळी करा.