‘गेम ऑफ थ्रोन्स’चा उत्तररंग

कीर्तनाचा पूर्वरंग उत्तम साधावा, मंडळी मांडी घालून स्थिर व्हावी, आणि उत्तररंगांत आख्यान ऐन भरास येण्याच्या वेळींच बुवांना घरीं जाण्याची घाई व्हावी, असा प्रसंग पुष्कळांनीं अनुभवला असेल. कोट्यवधि लोकांनीं आठ वर्षें जीव लावून पाहिलेल्या एका दूरचित्रवाणी-नाट्याच्या नशिबीं नेमकें हेंच आलें. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ हें त्याचें नांव. एचबीओ या अमेरिकन वाहिनीनें १७ एप्रिल २०११ रोजीं त्याचा पहिला भाग दाखविला आणि १९ मे २०१९ रोजीं अखेरचा. आठ पर्वें आणि ७३ भाग, एवढा त्याचा विस्तार. त्याचा उत्कर्ष कशांत होता हें पाहिल्यावांचून अपकर्षाचें कारण कळावयाचें नाहीं. म्हणून प्रथम थोडेंसें मूळ कथेविषयीं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकारानें या कथेचा पहिला ग्रंथ १९९६ सालीं प्रसिद्ध केला. वेस्टरॉस नांवाच्या कल्पित भूमींत एका लोखंडी सिंहासनासाठीं मोठमोठ्या घराण्यांत जुंपलेली झुंज हा त्याचा विषय. पंधराव्या शतकांत लँकेस्टर व यॉर्क या घराण्यांमध्यें झालेलीं इंग्लंडांतील ‘गुलाबांचीं युद्धें’ मार्टिनच्या नजरेपुढें होतीं, आणि लॅनिस्टर व स्टार्क या नांवांतूनहि त्यांचा प्रतिध्वनि ऐकूं येतो. कथेंत आग ओकणारे ड्रॅगन आहेत, मेलेलीं माणसें उठून चालतात. असें असूनहि संसारी, समंजस, वर्तमानपत्रें वाचणाऱ्या माणसांना ही कथा खरी वाटली. कां वाटली? त्या जगांत चमत्कार होते, परंतु सवलत कोणालाच नव्हती.

नेड स्टार्क हा पहिल्या पर्वाचा नायक. शॉन बीन हा त्या संचांतील नामांकित नट ती भूमिका करीत होता, आणि जाहिरातींतील चित्रांत सिंहासनावर तोच बसलेला दिसे. राणीचें पाप नेडच्या ध्यानांत येतें. तिच्या मुलांची दया येऊन तो तिला आधींच सावध करतो. या भलेपणाची किंमत म्हणून नवव्या भागांत, १२ जून २०११ रोजीं, त्याचें शिर उतरविलें जातें. नायक आहे, तेव्हां कोणीतरी वेळेवर धांवून येईल, ही प्रेक्षकांची जन्मभराची संवय त्या रात्रीं मोडली.

त्याचा पुत्र रॉब याची गोष्ट याहून दारुण. नदीवरील पुलाची वाट मिळावी म्हणून फ्रे घराण्यांतील एका मुलीशीं विवाह करण्याचें वचन तो देतो, आणि पुढें प्रेमापोटीं दुसरीशींच लग्न करतो. २ जून २०१३ रोजीं दाखविलेल्या भागांत फ्रे त्याला एका लग्नाच्या मेजवानीस बोलावतात, मीठभाकरी देतात आणि त्याच पंगतींत त्याला, त्याच्या मातेला व गर्भवती पत्नीला ठार करतात. हा प्रसंग केवळ कल्पनेनें जन्मास घातला असें नाहीं. १४४० सालीं एडिंबरोच्या किल्ल्यांत डग्लसच्या तरुण उमरावाला व त्याच्या धाकट्या भावाला दहा वर्षांच्या राजासमवेत भोजनास बोलावून ठार मारण्यांत आलें. १६९२ च्या फेब्रुवारींत ग्लेन्कोच्या खोऱ्यांत, मॅक्डोनल्डांच्या घरीं सुमारे बारा दिवस पाहुणचार घेतलेल्या सैनिकांनीं पहाटे उठून त्यांचीच कत्तल केली. स्कॉटलंडच्या इतिहासांतील या दोन घटना आपल्या मनांत होत्या, असें मार्टिननेंच सांगितलें आहे. खाल्ल्या मिठाला न जागण्याचें पाप कोणत्याहि देशांतील प्रेक्षकाला समजावून सांगावें लागलें नाहीं.

अंतराचीहि अशीच बूज राखलेली होती. पहिल्याच भागांत राजधानींतून उत्तरेस येण्यास राजाला महिनाभर लागतो. प्रत्येक भागाच्या आरंभीं जो नकाशा उलगडे तो शोभेचा नव्हता; पत्र केव्हां पोंचेल, सैन्य वेळेवर येईल कीं नाहीं, यावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

ग्रंथ संपले आणि मालिका बिघडली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बव्हंशीं खरी आहे. मार्टिनचा पांचवा ग्रंथ २०११ मध्यें निघाला. मालिका संपेपर्यंत सहावा निघाला नाहीं, आणि २०१६ च्या सहाव्या पर्वापासून डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस या सूत्रधारांच्या हातीं मुख्यतः शेवटाची रूपरेषा तेवढी उरली. परंतु पांचव्या पर्वांतील डॉर्नचें उपकथानक ग्रंथ समोर असतांनाहि फसलें होतें. उलट सहाव्यांतील होडॉरचा मृत्यु आजहि डोळ्यांपुढून हलत नाहीं. मार्टिन लेखकांचे दोन वर्ग करतो, एक वास्तुशिल्पी आणि दुसरा माळी. स्वतःस तो माळ्यांत मोजतो. माळ्याची बाग आपल्या गतीनें वाढते. सूत्रधारांना मुक्काम ठाऊक होता, तेथवरची वाट ठाऊक नव्हती, आणि वाट चालण्यास लागणारा वेळहि त्यांना द्यावयाचा नव्हता. वाहिनी आणखी पर्वांना तयार होती. तरी पूर्वीं दहा-दहा भागांचीं होणारीं पर्वें, सातवें सात भागांचें आणि आठवें अवघ्या सहांचें, अशीं आटोपलीं.

या घाईचा पहिला बळी म्हणजे तो नकाशा. २०१७ सालीं, सातव्या पर्वांत, उत्तरेकडील गोठलेल्या तळ्यावर कांहीं वीर वेढले जातात. त्यांतील एकजण धांवत सरहद्दीच्या भिंतीपर्यंत जातो, तेथून डोमकावळा दूर दक्षिणेस डॅनेरिस राणीकडे निरोप नेतो, आणि राणी ड्रॅगनांसह उडत येऊन त्यांना सोडविते; तेवढ्या अवधींत वीर तळ्यावरच उभे! त्याआधींच्या पर्वांत नेडची कन्या आर्या पोटांत सुरा खुपसला गेल्यावरहि थोड्याच वेळानें गल्ल्यांतून धांवूं लागली होती. बापाला जी सवलत मिळाली नाहीं, ती आतां सर्वांना मिळूं लागली.

आठव्या पर्वांत पैशाची वा परिश्रमांची कसूर नव्हती. तिसऱ्या भागांतील लढाईसाठीं ५५ रात्री चित्रण चाललें. पडद्यावर मात्र इतका अंधार, कीं कोण कोणास मारतो हेंच अनेकांना कळेना. पहिल्या भागापासून जिची भीति घातली ती मृतांची सेना त्या एका रात्रींत संपली. पुढल्या भागांत मेजावर विसरलेला कॉफीचा पेला जगभर हंसण्याचा विषय झाला, पण ती क्षुल्लक गोष्ट. खरा घाव पांचव्या भागांतला. शरणागतीच्या घंटा वाजत असतांना डॅनेरिस आपल्या ड्रॅगनकडून संबंध राजधानी जाळविते. गुलामांच्या बेड्या तोडणारी ही राणी क्रूर व्हावी यांत मला कांहींच अशक्य वाटत नाहीं. शत्रूंना खांबांवर खिळणें, शरण न येणाऱ्या पितापुत्रांना जाळणें, हीं तिचीं कृत्यें पूर्वींच दिसलेलीं आहेत, आणि मुक्तिदात्यांचे जुलमी होणें इतिहासाला नवीन नाहीं. परंतु असा पालट ज्या मनांत होतो त्या मनाजवळ प्रेक्षकाला कांहीं काळ बसूं द्यावें लागतें. येथें तिच्या मुद्रेवर कॅमेरा थोडासा थांबतो, आणि लगेच ज्वाळा.

शेवटच्या भागाला एकट्या अमेरिकेंत पहिल्या रात्रीं सुमारें १ कोटि ९३ लाख प्रेक्षक लाभले. सप्टेंबरांत सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारहि मिळाला. त्याच वर्षीं, आठवें पर्व नव्यानें रचावें अशा अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. असा अर्ज कोणी मान्य करणार नव्हतें, आणि करूंहि नये. तथापि सह्या करणाऱ्यांना मी हंसणार नाहीं. डॅनेरिसच्या ‘खलीसी’ या पदवीवरून अमेरिकेंत २०१८ या एका वर्षांत पांचशेंहून अधिक मुलींचीं नांवें ठेवण्यांत आलीं. राजधानी जळाली त्या रात्रीं त्यांतील कित्येक मुली अजून पाळण्यांत होत्या.